घडा फुटका नाही, पालथा आहे
(प्रौढांना शिकविण्याची भगवान बुद्धांची रीत आणि आपली परंपरा)



आपल्याकडे एक म्हण आहे, ‘पालथ्या घड्यावर पाणी.’ कितीही सांगितलं तरी समोरच्याच्या डोक्यात शिरत नाही, असं वाटलं की आपण ही म्हण फेकून मोकळे होतो. विशेषतः वयस्कर माणसांबद्दल. ‘आता या वयात त्यांना काय कळणार?’, ‘आमच्या आईला वाचायला शिकवून काय उपयोग?’ हे शब्द आपल्याच घराघरांतून ऐकू येतात. दोष सगळा शिकणाऱ्याचा. शिकविणाऱ्याने मात्र आपली पद्धत कधी तपासायची नाही!

पण ही पालथ्या घड्याची उपमा फार जुनी आहे. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात ती भगवंतांनी वापरली आहे. तिथे ऐकणाऱ्या माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला पालथ्या घड्यासारखा. पाणी ओतले की वाहून जाते, कारण ऐकताना त्याचे लक्षच नसते. दुसरा ओटीत खाऊ घेऊन बसलेल्या माणसासारखा. बसला आहे तोवर तीळ, तांदूळ, बोरे सगळे ओटीत आहे. उठला की सांडले. तिसरा सुलट्या घड्यासारखा. ओतले ते आत राहते.

आता यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, घडा पालथा आहे, फुटका नाही. पालथा घडा सुलटा करता येतो. सुत्तांमध्ये अनेक ठिकाणी बुद्धांचा उपदेश ऐकून लोक एकाच ठरावीक शब्दांत आनंद व्यक्त करतात. त्यातली पहिलीच उपमा अशी आहे की, पालथे पडलेले कोणीतरी सुलटे करावे तसे भगवंतांनी केले. म्हणजे शिकविणे हे नुसते पाणी ओतण्याचे काम नव्हे. आधी घडा सुलटा करणे, हेच खरे शिक्षण. आणि प्रत्येक घडा सुलटा करण्याची रीत वेगळी. हा इतिहास आपल्या लोकांना माहीत असावा म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला वर्ग, तोही पाळीपाळीने

सारनाथच्या मृगदावनात भगवंतांनी पंचवर्गीय भिक्षूंना पहिला उपदेश केला, हे आपण दर आषाढी पौर्णिमेला ऐकतो. पण तो वर्ग कसा चालला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात त्याचे वर्णन आहे. दोघांना शिकवायचे तेव्हा उरलेले तिघे भिक्षेला जायचे आणि त्या अन्नावर सहाही जण राहायचे. तिघांना शिकवायचे तेव्हा दोघे भिक्षेला जायचे. पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून शिकवणी झाली नाही. पोटाची सोय आणि शिकवणी यांची सांगड घालून वर्ग चालला.

गिरणी कामगाराला ही गोष्ट सांगायला नको. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांत ज्याचे आयुष्य गेले त्याला माहीत आहे की, सगळ्यांना संध्याकाळी सात वाजता या म्हटले की निम्मे येऊच शकत नाहीत. ते आळशी नसतात, पाळीवर असतात. धम्माचा जगातला पहिला वर्गच दोन-तीन माणसांचा आणि पाळीपाळीने भरणारा होता, हे आपण विसरतो.

ज्याचा जो धंदा, त्याची ती भाषा

त्यानंतर पंचेचाळीस वर्षे भगवंत गावोगाव फिरले. त्यांचे बहुतेक श्रोते प्रौढ, संसारी, कामधंदा करणारे. त्यांना शिकविताना त्यांच्याच हातातले अवजार त्यांनी उदाहरणाला घेतले.

सुत्तनिपातात कसि भारद्वाज नावाच्या शेतकरी ब्राह्मणाची गोष्ट आहे. पेरणीच्या वेळी भगवंत भिक्षेसाठी उभे राहिले तेव्हा तो म्हणाला, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसेच करा. भगवंतांनी त्याला मीही शेतीच करतो असे सांगितले आणि त्याच्याच शेतातून धम्म दाखविला. श्रद्धा हे बियाणे, तप हा पाऊस, प्रज्ञा हे जू आणि नांगर. शेतकऱ्याला वेगळा शब्दकोश लागला नाही.

सोण नावाचा भिक्षू गृहस्थाश्रमात वीणा वाजवीत असे. त्याने साधना इतकी ताणली की शेवटी निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. भगवंतांनी त्याला व्याख्यान दिले नाही, प्रश्न विचारला. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? सैल सोडल्या तर वाजते का? उत्तर सोणाच्याच बोटांत होते. गिरणीतल्या माणसाला हेच सांगायचे तर वीणा कशाला पाहिजे? साच्यावर सूत जास्त ताणलं तर तुटतं, सैल सोडलं तर गुंततं. एवढं म्हटलं की मध्यम मार्ग त्याच्या लक्षात येतो.

केसी नावाचा घोडे शिकविणारा होता. त्याला भगवंतांनी विचारले, तू घोडे कसे शिकवितोस? तो म्हणाला, काहींना गोडीने, काहींना कडकपणे, काहींना दोन्ही रीतींनी. भगवंतांनी सांगितले की, माणसांना शिकविताना मीही असेच करतो. म्हणजे शिकविण्यापूर्वी त्यांनी समोरच्याचा धंदा आणि अनुभव विचारून घेतला.

शब्द चालला नाही तेव्हा कृती

काही माणसांना मात्र शब्द पोहोचतच नाहीत. अट्ठकथांमध्ये अशांच्या गोष्टी आहेत. अट्ठकथा मूळ सुत्तांच्या बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या, तरी बौद्ध परंपरेने बुद्धांना शिक्षक म्हणून कसे पाहिले ते त्यांतून कळते.

किसा गोतमीचे मूल गेले. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तिला ‘सर्व अनित्य आहे’ असे सांगून काय झाले असते? तिने ऐकले तरी असते का? भगवंतांनी तिला मोहरी आणायला पाठविले, पण ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातली. ती दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात तिला कोणाचे ना कोणाचे मरण भेटले. धडा तिने स्वतःच्या पायांनी चालून शिकला.

चुल्लपंथकाची गोष्ट तर आपल्या प्रत्येक वर्गात सांगितली पाहिजे. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याला शिकविणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ महापंथक. त्याने कंटाळून सांगितले, तुझ्याने व्हायचे नाही, निघून जा. भगवंतांनी चुल्लपंथकाला अडविले आणि त्याच्या हातात एक स्वच्छ फडके दिले. हे चोळत बैस आणि मळ निघून जावा अशा अर्थाचा एक छोटा शब्द म्हणत राहा. चोळता चोळता पांढरे फडके काळे पडले आणि त्याच्या मनात उजेड पडला. पाठांतराने जे झाले नाही ते हाताच्या कामाने झाले. पुढे हाच चुल्लपंथक अर्हत झाला. मंद माणूस एकाएकी हुशार झाला असे नाही. त्याच्यासाठी योग्य रीत सापडली.

आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याचीही गोष्ट आहे. उपदेश ऐकायला जायचे ठरवले तर त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीच आला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. तो आल्यावर त्यांनी आधी त्याला जेवण वाढायला लावले आणि मग धम्म सांगितला. इतर भिक्षू कुरकुरले तेव्हा, भूक हाच सर्वांत मोठा रोग आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. कामावरून परस्पर वर्गाला येणाऱ्या माणसाला आधी चहा-चपाती द्यावी, यामागे केवढी मोठी परंपरा आहे पाहा!

दासी झाली गुरू

आमच्या भगिनींसाठी एक गोष्ट खास सांगतो. कोसंबीच्या राजवाड्यात सामावती राणीची खुज्जुत्तरा नावाची दासी होती. पाठीने कुबडी. राणीला आणि तिच्या सोबतच्या स्त्रियांना वाड्याबाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. खुज्जुत्तरा बाहेर जाऊन उपदेश ऐकायची आणि परत येऊन जसाच्या तसा त्यांना सांगायची. राणीने या दासीला उंच आसनावर बसविले आणि स्वतः खाली बसून ऐकले, असे अट्ठकथा सांगते. इतिवुत्तक या ग्रंथातील वचने तिनेच ऐकून सांगितली अशी परंपरा आहे. बहुश्रुत उपासिकांमध्ये भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले.

यातून काय घ्यायचे? जो शिकणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो तोच खरा शिक्षक. मोठ्या विद्वानाला जिथे दार बंद आहे, तिथे घरकाम करणारी बाई आत जाऊ शकते.

भाषेबाबतही असेच. चुल्लवग्गात दोन ब्राह्मणकुळातील भिक्षूंनी बुद्धवचन छंदस भाषेत बांधण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि लोकांनी धम्म आपापल्या भाषेत शिकावा अशी मोकळीक दिली, असा या प्रसंगाचा अर्थ अनेक विद्वान लावतात. सम्राट अशोकाने हेच दगडावर करून दाखविले. त्याचे लेख प्राकृतात आहेत, तर कंदाहारला ग्रीक आणि अरमाईक भाषांत आहेत. कलिंगातील लेखात त्याने आज्ञा केली आहे की, तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख लोकांना वाचून दाखवावा आणि एकच माणूस असला तरी त्याला ऐकवावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ही सोय! आपल्या मुंबईजवळ सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली मिळाला. तेच आपल्या धम्मदीक्षेचे वर्ष.

फुल्यांची रात्रशाळा

पुढे शेकडो वर्षे शिक्षणाची दारे बहुजनांना बंद राहिली. ती उघडली महात्मा फुल्यांनी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली हे सर्वांना माहीत आहे. पण १८५५ साली त्यांनी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली, याची चर्चा कमी होते. दिवसा राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा काय कामाची? वेळ बदलली आणि शाळा गरिबाच्या दारात आली.

त्याच वर्षी त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भटजीच्या भूलथापांना बळी पडणारे शेतकरी जोडपे त्यात आहे आणि शेवटी ते शिकण्याचा निश्चय करते. निरक्षर माणसाला पुस्तक देऊन उपयोग नाही, हे ओळखून जोतीरावांनी नाटक हाती घेतले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, ही गोष्ट वेगळी.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी मागणी केली की, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, लोकांत मिसळणारे असावेत आणि नांगराची मूठ धरायला लाजणारे नसावेत. मोडी आणि बाळबोध, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती, आरोग्य असे उपयोगी शिक्षण द्यावे. खेड्यातले विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहारात उपयोगी पडले पाहिजेत. ही मागणी मुलांच्या शाळांसाठी होती, पण तिच्यातला विचार प्रौढांनाही तंतोतंत लागू पडतो.

बाबासाहेबांची अनेक तोंडांची शाळा

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासमंडळे हे तिचे काम. ‘मूकनायक’ १९२० साली आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघाले, तेव्हा आपल्या समाजात वाचता येणारे मूठभर. चाळीत एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. वाचक एक, श्रोते पुष्कळ.

डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. त्यात त्यांच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीपासून दागिन्यांपर्यंतच्या गोष्टी होत्या. पुरुषांपुढे केलेले भाषणच त्यांना पुन्हा ऐकविले नाही. आणि तेच बाबासाहेब गोलमेज परिषदेत इंग्रजांपुढे कायद्याच्या भाषेत बोलले. माणूस एक, ध्येय एक, पण समोर कोण आहे त्याप्रमाणे बोलणे वेगळे.

जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते तिथे जलसा पोहोचला. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी ढोलकी-तुणतुण्यावर चळवळ गावोगाव नेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक जमले. त्यांत निरक्षर खूप. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा मराठीत सांगितल्या आणि लोकांकडून मोठ्याने म्हणवून घेतल्या. स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले माणूस विसरत नाही. त्याच बाबासाहेबांनी शिकलेल्या वाचकांसाठी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला आणि तोसुद्धा लहान लहान क्रमांकित परिच्छेदांत, समजायला सोपा.

या चळवळीतूनच लोककवी वामनदादा कर्डक घडले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्म. मुंबईत मोलमजुरी करीत असताना कोणीतरी पत्र वाचायला दिले आणि त्यांना ते वाचता येईना. त्या खंतीतून तरुणपणी ते अक्षरे शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी जोडाक्षरे पक्की केली. अण्णा भाऊ साठेही शाळेत जेमतेम दीड दिवस गेले आणि मुंबईच्या रस्त्यावरच्या पाट्या-पोस्टर वाचतच साक्षर झाले. या दोघांची शाळा म्हणजे ही मुंबई. पाठ्यपुस्तक म्हणजे दुकानाची पाटी. ‘या वयात काय कळणार’ म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर काय पाहिजे?

आज आपले काय?

२०११ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८१ टक्के निघाले. देशाच्या सरासरीपेक्षा ते जास्त आहे आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्याच आकड्यांत आपल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. म्हणजे चौघींतली एक निरक्षर! ती चौथी बाई कोण? ती आपलीच आई, आत्या, सासूबाई. तिने धुणीभांडी करून, बिगारी काम करून मुलांना इंजिनिअर केले. ती विहारात दर रविवारी पहिली येते, सतरंजी अंथरते आणि मागे बसते. समोर वक्ता प्रतीत्यसमुत्पादावर तासभर बोलतो. ती हात जोडून ऐकते आणि उठताना ओटीतली बोरे सांडतात. यात दोष कोणाचा?

माझे म्हणणे असे की, आपल्या विहारांत ‘सर्वांना एकच भाषण’ ही पद्धत वाढली आणि बुद्धांची पद्धत मागे पडली. प्रवचने जरूर व्हावीत, विद्वानांना जरूर बोलवावे. पण त्याबरोबर खालील गोष्टी आपल्या हातात आहेत :

१) मोठ्या सभेबरोबर चार-पाच जणांचे छोटे गट करावेत. वेळ शिकणाऱ्याच्या सोयीची असावी. घरकाम करणाऱ्या भगिनींना दुपार बरी, वॉचमनची नोकरी करणाऱ्या बांधवांना सकाळ बरी.

२) वाचन शिकविताना ‘कमळ-बदक’ नको. तिचे स्वतःचे नाव, नातवाचे नाव, बसची पाटी, बँकेचे पासबुक, औषधाची पट्टी यांपासून सुरुवात करावी. जे रोज लागते ते लवकर येते.

३) वंदना तोंडपाठ असणाऱ्या आयाबायांना तीच वंदना मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. कान आधीच शिकलेला आहे, डोळ्याला त्याच्या मागून चालू द्यावे.

४) शिकविणारी व्यक्ती त्यांच्यातलीच असावी. काल अक्षरे शिकलेली बाई आज दुसरीला जितके चांगले शिकवील, तितके पदवीधर शिकवील असे नाही. खुज्जुत्तरा आठवा.

५) गाणे, गोष्ट, चित्र, छोटे नाटुकले, प्रश्नोत्तरे यांपैकी ज्याला जे पोहोचते ते वापरावे. तरुणांना वादविवाद आवडतो, त्यांना कालाम सुत्त देऊन प्रश्न विचारू द्यावेत. संसारी माणसाला सिगालोवाद सुत्तातले आई-वडील, पती-पत्नी, मालक-नोकर यांचे परस्पर कर्तव्य सांगावे.

६) कोणालाही सर्वांसमोर चुकला म्हणून हसू नये. प्रौढ माणूस एकदा अपमानित झाला की पुन्हा पायरी चढत नाही. नापास होणे त्याने आयुष्यात पुष्कळ पाहिलेले असते.

२०२२ पासून शासनाचा नव भारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी स्वयंसेवकांमार्फत चालविण्यात येत आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा. पण शासन पुस्तक देईल, घडा सुलटा करण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

नालंदेला एका ग्रामणीने भगवंतांना विचारले होते की, तुम्ही काहींना मन लावून शिकविता आणि काहींना तितके नाही, असे का? भगवंतांनी तीन शेतांचे उदाहरण दिले. चांगल्या जमिनीत शेतकरी आधी पेरतो, मग मध्यम जमिनीत, पण खडकाळ खारवट जमीनही तो अगदीच टाकून देत नाही. शेवटी ते म्हणाले, जे दूरचे आहेत त्यांनाही मी शिकवितो, कारण त्यांना एक वाक्य जरी समजले तरी त्यांचे दीर्घकाळ कल्याण होईल.

एक वाक्य जरी समजले तरी! या वर्धापनदिनी प्रत्येक सुशिक्षित तरुणाने फक्त एका माणसाला शिकवायचे मनावर घ्यावे. सुरुवात आपल्याच घरातून, आपल्या आईपासून करावी. तिला आधी विचारावे, ‘आई, तुला काय वाचायला आवडेल?’ आणि ती जे सांगेल, तोच तिचा पहिला धडा ठरवावा.

जय भीम! नमो बुद्धाय!